गिरमिट ते मुऐदर : पायरी कशी चढली जाते?

मुऐदर हे नाव आपल्या बेटावर फार थोड्यांनी ऐकले असेल. कतार या अरबी देशात, दोहा या राजधानीच्या पश्चिमेस, अल रय्यान नगरपालिकेच्या हद्दीत ही वस्ती आहे. वाळूच्या रंगाच्या उंच भिंती, त्यांच्या आत एक-दोन मजली व्हिला, कोपऱ्यावर किराणा दुकान, आणि फुटबॉलच्या शौकिनांना ठाऊक असलेला मुऐदर क्लब. मोठ्या व्हिलाचा एखादा भाग भाड्याने घेऊन राहणारी परदेशी कुटुंबे येथे आढळतात. त्यांत हिंदुस्थानी पुष्कळ, आणि हिंदुस्थान्यांत मराठीही आहेत.

अशा एका भाड्याच्या घराचे चित्र डोळ्यांपुढे आणा. दोन खोल्या, एक लहान स्वयंपाकघर. नवरा एखाद्या कंपनीत देखरेखीचे किंवा हिशेबाचे काम करतो, बायको मुलांच्या शाळेच्या वेळा सांभाळते. देव्हाऱ्याशेजारी नाही तर कुराणाच्या फळीशेजारी गावाकडच्या घराचा फोटो आहे. त्या घराला नुकताच स्लॅब पडला आहे. या माणसाचा बाप शेतावर मोलाने राबला असेल, किंवा मुंबईच्या गिरणीत. मुलगा मात्र इंजिनियर व्हायचे म्हणतो आहे. तीन पिढ्या आणि तीन पायऱ्या! ही गोष्ट आपल्याला अनोळखी का वाटत नाही? कारण थोड्याफार फरकाने ती आपल्याच घराची गोष्ट आहे.

माणूस गरिबीतून वर येतो तो मेहनतीने, असे आपण मुलांना सांगतो. ते खरेच आहे. पण मेहनत तर उसाच्या शेतात सर्वांनीच केली. सगळेच वर आले नाहीत. आणि जे आले तेही एकाच वेळी आले नाहीत. तेव्हा मेहनतीखेरीज आणखी काही असले पाहिजे. ते काय, याचा विचार आपले बेट आणि मुऐदर शेजारी शेजारी ठेवून करू.

एकच किनारा, दोन प्रवास

१८३४ पासून पुढच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसे हिंदुस्थानातून मॉरिशसला आली. बहुसंख्य कलकत्ता आणि मद्रासच्या बंदरांतून आली. मुंबई बंदरातून आलेले त्या मानाने थोडे, आणि त्यांत रत्नागिरी व आसपासच्या कोकणपट्टीतली माणसे पुष्कळ. आपले पूर्वज ते हेच. करारनाम्याला, म्हणजे ॲग्रीमेंटला, त्यांच्या तोंडी 'गिरमिट' हे रूप आले आणि तोच शब्द इतिहासात राहिला.

१९७० नंतर तेलाचे भाव वाढले, आखाती देशांत बांधकामे सुरू झाली आणि त्याच रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरून माणसे पुन्हा समुद्रापार निघाली. कोकणातली मुसलमान घरे त्यांत आघाडीवर होती. पुढे सर्व जातींची, सर्व जिल्ह्यांची मंडळी त्यांत मिसळली. दरम्यान कोकणच्या चाकरमान्यांची जुनी शिडी, म्हणजे मुंबईची कापड गिरणी, डळमळली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते, आणि त्यानंतर कित्येकांना गिरणीचे दार पुन्हा उघडलेच नाही. आज कतारमध्ये सात लाखांहून अधिक हिंदी लोक राहतात.

या दोन प्रवासांत एक मौजेचा दुवा आहे. १८७६ साली मॉरिशसने रुपया हे अधिकृत चलन केले, आणि ते नाव आपल्या खिशात आजही आहे. कतारमध्येही १९६६ पर्यंत हिंदी रुपयाच चाले. १९५९ पासून तर आखातासाठी रिझर्व्ह बँक निराळ्या रंगाच्या नोटा छापत असे. दुसरा दुवा कचेरीचा. गिरमिटियांच्या काळी बंदरावर 'प्रोटेक्टर' नावाचा सरकारी अधिकारी असे. १९८३ च्या भारतीय कायद्याखाली 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' ही कचेरी मुंबईत आजही आहे, आणि जो दहावी उत्तीर्ण नाही त्याला नोकरीसाठी कतारला जाण्यापूर्वी सामान्यतः तिची मंजुरी लागते. म्हणजे दहावीची पायरी पासपोर्टावरच उमटते!

पहिली किल्ली : धनी सोडण्याची मोकळीक

आपल्या पणजोबांना दरमहा पाच रुपयांच्या आसपास मजुरी आणि शिधा मिळे. पाच रुपये कमी होते हे दुःख होतेच. पण त्याहून मोठे दुःख दुहेरी कपातीचे. एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांची मजुरी जाई. करार संपला तरी सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने जुन्या आप्रवाशाला फोटो चिकटवलेले तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ बाळगणे भाग पडले. पास नसला की तो 'भटक्या' ठरे आणि तुरुंगाची वाट धरी. पुन्हा करार करावा, याच हेतूने हा जाच होता. ज्याला धनी सोडता येत नाही त्याला मजुरीचा भाव करता येत नाही, आणि भाव करता येत नाही त्याच्या गाठीला काही पडत नाही.

१८७१ साली आडोल्फ द प्लेविट्झ या गोऱ्या मळेवाल्याने जुन्या आप्रवाशांच्या वतीने गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यावर ९,४०१ सह्या आणि अंगठे होते. त्यातून रॉयल कमिशन आले, १८७५ साली त्याचा अहवाल निघाला आणि १८७८ साली मजूर कायदा सुधारला. जाच एका दिवसात संपला नाही. तरी कुलूप सैल झाले.

आता कतारकडे पाहा. तेथे 'कफाला' नावाची पद्धत होती. परदेशी कामगाराचा जामीनदार म्हणजे त्याचा मालक. त्याच्या संमतीवाचून नोकरी बदलायची नाही आणि देशाबाहेरही जायचे नाही. २०१८ च्या कायद्याने बहुतेक कामगारांची देश सोडण्याच्या परवान्याची अट गेली. ऑगस्ट २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाचे ना-हरकत पत्र लागणार नाही असे ठरले. मार्च २०२१ पासून सर्वांना किमान वेतन लागू झाले : दरमहा १,००० रियाल, आणि मालक राहण्या-जेवणाची सोय करीत नसेल तर निवासाचे ५०० व अन्नाचे ३०० वेगळे. २०२२ ची फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा जवळ आली होती आणि जगाची नजर तेथे लागली होती, हे या सुधारणांमागचे एक कारण होय. कायदा कागदावर आला म्हणजे प्रत्येक मजुराच्या हाती आला असे नव्हे. मालक आडकाठी करतात, पगार थकवतात अशा तक्रारी कामगारांच्या बाजूने लढणाऱ्या संस्थांनी त्यानंतरही मांडल्या आहेत. पण ज्याला महिन्या-दोन महिन्यांची सूचना देऊन दुसरीकडे जाता येते, त्याच्या बोलण्याचा सूरच बदलतो.

दुसरी किल्ली : घरसंसार

मॉरिशसला आलेल्या पहिल्या जहाजांत जवळजवळ सगळे पुरुषच होते. पुढे सरकारने पुरुषांच्या संख्येमागे अमुक स्त्रिया पाठवल्याच पाहिजेत असे ठरवून दिले. त्यामागे परोपकार किती आणि मजूर टिकावे ही गरज किती, हे वेगळे सांगायला नको. पण परिणाम मोठा झाला. कँपातल्या एकट्या मजुराचा संसार झाला, संसारातून वाडी आणि वाडीतून गाव. कास्कावेलसारख्या गावात विठ्ठल-रखुमाईचे देऊळ उभे राहिले ते एकट्यादुकट्या मजुरांनी नव्हे, कुटुंबांनी. एका माणसाची कमाई खर्चून जाते. घरात आले की तिला हिशेब लागतो. गाय, भाजीचा वाफा, बायकोची मजुरी, मुलाचे हात, असे एकाला एक जोडून थेंबे थेंबे तळे साचते.

कतारमध्ये हीच पायरी कायद्याने आखलेली आहे. बायकामुलांना आणायचे तर ठराविक पगार आणि घराची सोय दाखवावी लागते. त्याखाली पगार असलेला कामगार वर्षानुवर्षे एकटा राहतो, शहराच्या कडेला औद्योगिक भागातल्या खोल्यांत, एका खोलीत चार-सहा जण. म्हणून मुऐदरसारख्या वस्तीतले दोन खोल्यांचे बिऱ्हाड बाहेरून साधे दिसले तरी ती मोठी पायरी आहे. एकाच कोकणातल्या गावचे दोघे एकाच विमानाने आले. एकाला ही अट पार करता आली, दुसऱ्याला आली नाही. वीस वर्षांनी पहिल्याची मुले बापाजवळ वाढलेली असतात. दुसऱ्याची मुले बापाला दोन वर्षांतून एकदा, एअरपोर्टवर, पाहतात. पैसा कदाचित दोघांनीही पाठवला असेल, पण घर सारखे वाढले नाही.

तिसरी किल्ली : टिकणारी वस्तू

१८८० नंतर साखरेचे भाव पडले आणि कर्जात बुडालेल्या मळेवाल्यांनी कडेची, हलकी जमीन तुकडे करून विकायला काढली. हाच आपल्या इतिहासातला 'ग्राँ मोर्सेल्माँ'. ज्यांनी पै-पै साठवली होती त्यांनी एक-दोन आर्पाँ घेतले, ऊस लावला, कारखान्याला घातला. कालचा मजूर आज लहान का होईना, प्लांटर झाला. येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. ही जमीन घेण्यात सरदार आणि ठेकेदार पुढे होते. त्यांच्याकडे मजुरांपेक्षा जास्त पैसा होता, मालकाशी बोलण्याची सोय होती, आणि ते मजुरांना व्याजाने कर्जही देत. कुणाची शिडी कुणाच्या खांद्यावर उभी असते, हे जुन्या घराण्यांच्या कथा ऐकताना विसरू नये.

कतारमध्ये सामान्य परदेशी कुटुंबाची ही किल्ली तेथे लागत नाही. काही नेमलेल्या भागांत परदेशीयांना घर घेता येते, पण ते धनवंतांचे काम. कायम निवासाचा कायदा २०१८ साली झाला. त्यात वर्षाला साधारण शंभरांनाच तो हक्क देण्याची मर्यादा आहे. नागरिकत्व तर २००५ च्या कायद्यानुसार दीर्घ वास्तव्य, अरबी भाषा अशा कठीण अटींनंतरच आणि तेही विरळा. म्हणून मुऐदरातला माणूस आपली पायरी तेथे बांधत नाही, गावी बांधतो. स्लॅबचे घर, आंब्याची कलमे, बहिणीचे लग्न, रस्त्याकडेचे दुकान. कमावतो एका देशात, चढतो दुसऱ्या देशात! कोकणातल्या कित्येक गावांत अशी मोठी घरे आज बंद दिसतात, कारण ती ज्यांनी बांधली ते अजून तिकडेच आहेत.

पहिल्या फेरीचे कर्ज ही आणखी एक अडचण. परदेशी नोकरीच्या दलालाने घ्यायच्या शुल्काची मर्यादा भारत सरकारने ३०,००० रुपये व त्यावरचा कर इतकी ठरवली आहे. व्यवहारात गरजू माणूस कित्येकदा याहून पुष्कळ जास्त मोजतो, तेही सावकाराकडून आणून. मग पहिली वर्ष-दोन वर्षे तो सावकारासाठीच राबतो.

कर्ज ही त्या भूमीला नवी गोष्ट नाही. तेल सापडण्यापूर्वी खुद्द कतारचे लोक मोत्यांच्या डुबकीवर जगत. बुडी मारणारा नाखुद्याच्या कर्जात असे, आणि आखातात ते कर्ज बापाकडून मुलाकडेही जाई. हा नाखुदा म्हणजेच आपला मराठी 'नाखवा'. १९३० च्या सुमारास जपानच्या लागवडीच्या मोत्यांनी तो धंदा बसला. १९४९ च्या अखेरीस तेलाची पहिली निर्यात झाली आणि एका पिढीत बुडी मारणाऱ्याचा मुलगा सरकारी नोकर झाला. त्या मुलाला स्वतःच्या देशाचे नागरिकत्व होते. म्हणून तेलाची पायरी त्याला मिळाली. परदेशी मजुराला त्या तेलातून पगार मिळाला, वाटा नाही.

चौथी किल्ली : पोराची शाळा

१९२७ साली पितिरिम सोरोकिन या रशियात जन्मलेल्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 'सोशल मोबिलिटी' हा ग्रंथ लिहिला. शाळा, सैन्य, धर्मसंस्था, राजकीय पक्ष या समाजात माणसाला वर नेणाऱ्या, आणि गाळून खाली ठेवणाऱ्याही, वाटा आहेत असे त्यांनी मांडले. महाराष्ट्राने हे ग्रंथ वाचण्याआधीच करून पाहिले होते. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात बोर्डिंग काढायला आरंभ केला आणि १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापली, आणि १९२४ साली साताऱ्याच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसवली. खेड्यातल्या पोराला शाळेइतकीच भाकरीची आणि अंथरुणाची गरज असते, हे त्यांनी ओळखले.

आपल्याकडे ते काम बैठकांनी केले. दिवसभर शेतात राबून संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवायची. १९०१ साली गांधीजी येथे उतरले तेव्हा मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, हाच त्यांचा सांगावा होता. १९०७ साली मणिलाल डॉक्टर आले ते तोच धागा पुढे नेण्यासाठी. १९४८ च्या निवडणुकीत साधे लिहिता-वाचता येणाऱ्याला मत मिळाले. तेव्हा बैठकांतून आणि जन आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी किती हातांना अक्षर शिकवले! दहा-बारा हजार मतदारांचे सत्तर हजारांवर गेले. मतामुळे सरकार बदलले, सरकार बदलल्यामुळे १९७७ साली माध्यमिक शिक्षण मोफत झाले. त्याआधी १९७० च्या कायद्याने निर्यातीचे कारखाने आले आणि आपल्या मुलींच्या हाती पहिल्यांदा स्वतःचा पगार पडला. पुष्कळ घरांत धाकट्या भावाची फी त्या पगारातून गेली. त्या बहिणींचे नाव कुठल्या फलकावर नाही.

मुऐदरातल्या पोराला शाळा आहे. दोह्यात भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा कितीतरी आहेत, आणि आईबाप पोटाला चिमटा घेऊन त्यांची फी भरतात. पण बारावीनंतर प्रश्न उभा राहतो. बरीच मुले पुण्या-मुंबईच्या किंवा इतर कॉलेजांत परततात. मुलगा पंचविशी ओलांडला की बापाच्या परवान्यावर राहू शकत नाही. स्वतःची नोकरी शोधायची, नाही तर निघायचे. जिथे तो वाढला तेथे त्याला मत नाही आणि मुक्कामाची हमी नाही. त्याला शिडी मिळाली, पण ती टेकवायला भिंत दुसऱ्या गावात शोधावी लागते.

आपल्या दारातला प्रश्न

आता चारही किल्ल्या एकत्र पाहू. धनी सोडण्याची मोकळीक, कुटुंबाची सोबत, टिकणारी मालमत्ता, आणि पोराची शाळा व त्या शाळेनंतरची जागा. आपल्या पूर्वजांना या चारी किल्ल्या एकदम मिळाल्या नाहीत. एकेकीसाठी वीस-पंचवीस वर्षे, कधी अर्धे शतक गेले. पण शेवटी त्या याच बेटावर मिळाल्या, म्हणून मजुराचा पणतू आज मास्तर, डॉक्टर, मंत्री होऊ शकतो. मुऐदरच्या माणसाला पहिल्या दोन मिळू लागल्या आहेत. उरलेल्या दोन त्याला गावी शोधाव्या लागतात. त्याची मेहनत आपल्या पणजोबांहून कमी नाही, हुशारी तर नाहीच नाही. फरक नियमांचा आहे.

हे कळल्यावर नजर आपल्याच अंगणाकडे वळते. आज आपल्या कापड कारखान्यांत, बेकऱ्यांत, बांधकामांवर कोण राबते? बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर आणि खुद्द भारतातून आलेली माणसे. त्यांचा कामाचा परवाना एका ठराविक मालकाच्या नावाचा असतो. ती बायकामुले मागे ठेवून येतात, एका खोलीत कितीतरी जण निजतात, आणि पहिली कमाई दलालाच्या कर्जात जाते. रविवारी ती बाजारात घोळक्याने फिरतात तेव्हा आपल्यातलाच कुणी नाक मुरडतो. त्याच्या पणजोबांचे तिकीट, फोटो चिकटवलेले ते तिकीट, अजूनही कुठल्या तरी दप्तरात जपून ठेवलेले असते.

दर २ नोव्हेंबरला आपण आप्रवासी घाटावर जातो, त्या पायऱ्यांना हात लावतो, डोळे पुसतो. ते योग्यच आहे. पण त्या पायऱ्या ज्यांनी चढल्या त्यांची खरी आठवण ठेवायची असेल, तर आज जो तळच्या पायरीवर उभा आहे त्याच्यासाठी चार साधे प्रश्न विचारू या. याला मालक बदलता येतो का? याचा पगार महिन्याच्या महिन्याला मिळतो का? याच्यावर कर्ज कुणाचे आहे? आणि याचे लेकरू कुठे शिकते? कारखानदार, खासदार, मजूर संघटना, आपली मंडळे, ज्याला जेथे विचारता येईल तेथे त्याने विचारावे. आपल्या पणजोबांसाठी हे प्रश्न नऊ हजार जणांनी सह्या करून विचारले होते. आपल्याला तर आज मत आहे, अक्षर आहे आणि हे पानही आहे.